बुरशी, बाजार आणि रुग्ण: तिन्ही हवेत, मग सुरुवात कुठून?

प्रश्न : मी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. संशोधनच करायचं हे नक्की आहे, पण कशात ते ठरत नाही. एका संशोधन-वार्तापत्रात एकाच पानावर तीन बातम्या होत्या. एक औषधाच्या चाचणीची, एक अर्थशास्त्रातल्या पाहणीची आणि एक पिकांवर पडणाऱ्या बुरशीची. तिन्ही मी सारख्याच आवडीने वाचल्या. बुरशीने आयर्लंडचा बटाटा गेला आणि देश उपाशी मेला, असं वाचलं की वाटतं हेच करावं. दुसऱ्या दिवशी दुसरंच काही वाटतं. बाबा म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ तिन्ही एकत्र असलेलं क्षेत्र आहे का? नसेल तर कोणती दोन सोडू?

उत्तर : आधी एक दुरुस्ती करून घे, कारण वनस्पती रोगशास्त्राच्या मुलाखतीला बसलीस तर ही चूक लगेच पकडली जाईल. आयर्लंडचा बटाटा घालवला तो फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स या सूक्ष्मजीवाने, आणि तो खरी बुरशी नव्हे. धागे बुरशीसारखे, पानावरचा पांढरा थर बुरशीसारखा, पण कुळी तपकिरी शैवालांच्या जवळची. हा फरक फक्त पुस्तकी नाही. बुरशी आपल्या पेशीच्या पडद्याला लागणारं अर्गोस्टेरॉल स्वतः तयार करते, हा करत नाही. त्यामुळे अर्गोस्टेरॉलवर घाव घालणारी ॲझोल गटातली औषधं याच्यावर वाया जातात.

दुसरी गोष्ट ‘देश उपाशी मेला’ याबद्दल. १८४५ मध्ये याने होणारा तोच करपा रोग बेल्जियम आणि नेदरलँड्समध्येही पसरला होता. पण सुमारे दहा लाख माणसं गेली ती आयर्लंडमध्ये, कारण तिथली गरीब कुळं जवळजवळ बटाट्यावरच जगत होती आणि त्यांनी पिकवलेलं धान्य खंडापायी विकलं जात होतं. रोग एकच, परिणाम वेगळे. तुला आवडलेल्या गोष्टीत अर्थशास्त्र आधीपासूनच आहे.

तुझ्या तिन्ही आवडी एकाच घटनेवरून भांडताना पाहायच्या असतील तर १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल वाच. १९७३ मध्ये एस. वाय. पद्मनाभन या वनस्पती रोगशास्त्रज्ञांनी मांडलं की, १९४२ च्या हंगामात भातावर तपकिरी ठिपक्यांच्या रोगाची मोठी साथ आली होती आणि दुष्काळाचं मूळ तिथे आहे. या बुरशीचं तेव्हाचं नाव हेल्मिंथोस्पोरियम ओरायझी, आताचं बायपोलारिस ओरायझी. पुरावा म्हणून त्यांनी भात संशोधन केंद्रांवरच्या १९४१ आणि १९४२ च्या उत्पन्नाच्या नोंदी दिल्या. काही वाणांचं उत्पन्न जवळजवळ बुडालं होतं.

मग १९८१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी वेगळाच हिशेब मांडला. १९४३ मध्ये बंगालमध्ये उपलब्ध असलेलं धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा फार तर ५ टक्क्यांनी कमी होतं, आणि १९४१ पेक्षा तर १३ टक्के जास्त होतं. १९४१ मध्ये दुष्काळ नव्हता. म्हणजे धान्य होतं, ते विकत घ्यायची ऐपत गेली होती. युद्धाच्या महागाईत तांदूळ शेतमजुरांच्या आणि कोळ्यांच्या हाताबाहेर गेला.

डॉक्टर इथे तिसरा प्रश्न विचारतात: माणसं नेमकी कशाने मेली? १९४३ च्या अखेरीस चांगलं पीक हाती आलं, तरी मृत्यू थांबले नाहीत. उपासमारीने खंगलेल्या शरीरांना मलेरिया, कॉलरा आणि देवी यांनी गाठलं आणि हे १९४४ मध्येही चालूच राहिलं.

पुढे इतिहासकार मार्क टॉगर यांनी विचारलं की, सेन यांनी वापरलेले सरकारी पीक-अंदाज आले कुठून? तर खालच्या अधिकाऱ्यांनी नजरेने बांधलेल्या अंदाजांतून, आपल्या आणेवारीच्या धर्तीवर. तसे अंदाज पिकावरची साथ पुरेशी टिपू शकतात का? उलट बाजूनेही विचारता येतं की, संशोधन केंद्राच्या चार तुकड्यांवरून अख्ख्या प्रांताचं पीक कसं ठरवणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि वाद अजून पुरता मिटलेला नाही. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की, एवढा मोठा वाद शेवटी तक्त्यातल्या एका रकान्यावर येऊन अडकतो: १९४२ चं उत्पन्न. ते कुणी, कसं मोजलं?

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: तिन्ही एकत्र असलेलं नावाजलेलं क्षेत्र नाही. तिन्ही ज्यात लागतात असे प्रश्न मात्र भरपूर आहेत, आणि त्या तिघांना जोडणारा पूल म्हणजे मोजणी. संख्याशास्त्र म्हटलं की मायक्रोबायोलॉजीची मुलं तोंड वाकडं करतात, तू करू नकोस. त्याचा इतिहास तुझ्याच तीन विषयांतून फिरलेला आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात आले. तिथली अडचण साधी होती. शेताचा एक कोपरा मुळातच कसदार असतो. मग पीक खतामुळे वाढलं की जमिनीमुळे, हे कळणार कसं? त्यांचा उपाय: कोणत्या तुकड्याला कोणतं खत, हे आपण निवडायचं नाही, चिठ्ठ्यांवर सोडायचं.

ही कल्पना शेतातून वॉर्डात नेण्यात मोठा वाटा ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा. त्यांना व्हायचं होतं डॉक्टर. पहिल्या महायुद्धाच्या काळात क्षयरोग जडला, ते स्वप्न सुटलं आणि त्यांनी पत्रद्वारे अर्थशास्त्राची पदवी घेतली. याच माणसाने क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी आखली. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचं हे बंद लिफाफ्यातल्या यादृच्छिक क्रमाने ठरलं. १९४८ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि औषधांच्या चाचण्यांचा तो नमुनाच ठरला. त्यानंतर हीच पद्धत गावांत आणि शाळांत गेली: कोणत्या गावाला योजना आधी द्यायची ते चिठ्ठीने ठरवा आणि फरक मोजा. गरिबीवरच्या अशा प्रयोगांसाठी अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपले पां. वा. सुखात्मेही याच वाटेचे. शेतीच्या संख्याशास्त्रातून ते रोमच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि जगात अर्धपोटी किती, हा आहाराचा प्रश्न त्यांनी मोजणीने सोडवायला घेतला.

आता तुझ्या बाबतीत. ‘कोणती दोन सोडू’ असं विचारू नकोस. पदवी कशात, कौशल्य कशाचं आणि सोबती कुठले, असं विचार. माझा सल्ला: पदवी बुरशीत, कौशल्य संख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्राचं, सोबती अर्थशास्त्रातले. मायक्रोबायोलॉजीतून वनस्पती रोगशास्त्राला किंवा कवकशास्त्राला (म्हणजे बुरशीशास्त्राला) जाणं ही सरळ वाट आहे. फक्त काही ठिकाणी कृषी पदवीची अट असते, ती अर्ज करण्याआधी पाहा. अर्थशास्त्राच्या पीएचडीला मात्र गणित बरंच लागतं. रेषीय बीजगणित, संभाव्यता, अर्थमिती यांची दोनेक वर्षं भर टाकायची तयारी असेल तरच तिकडे जा. वैद्यकीय संशोधनासाठी डॉक्टर असावंच लागतं असं नाही. वैद्यकीय बुरशीशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य यांची दारं तुला उघडी आहेत. ‘वन हेल्थ’ नावाचे, म्हणजे माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणारे अभ्यासक्रमही दिसतील. वाईट नाहीत, पण पहिली पक्की पदवी हातात नसताना तिथे गेलीस तर बाबांच्या चिंध्या खऱ्या होतील.

पण त्याआधी बुरशीचं रोजचं काम सोसतं का ते बघ. रोगट पान घ्यायचं. ठिपक्याच्या मधोमध नाही, जिथे रोगट भाग संपून हिरवा सुरू होतो त्या कडेवरचा चिमूटभर तुकडा कापायचा, कारण जिवंत बुरशी तिथे असते. मधल्या मेलेल्या भागावर भलतेच पाहुणे बसलेले असतात. तुकडा हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ बुडवायचा, निर्जंतुक पाण्यात धुवायचा, आगरच्या डिशवर ठेवायचा. दोन-तीन दिवसांनी झाकणाखाली धागे दिसतात आणि पुष्कळदा ते रायझोपसचे असतात. ही बुरशी इतकी झपाट्याने वाढते की हवी ती तिच्याखाली गाडली जाते. मग पुन्हा पहिल्यापासून. हवी ती मिळाली की तिचा एकच बीजाणू वेगळा काढून वाढवायचा, निरोगी रोपाला लावायचा, तेच ठिपके येतात का पाहायचं आणि त्यातून तीच बुरशी परत काढून दाखवायची. एवढं झालं की म्हणता येतं, ‘हा रोग हिने केला.’ सुट्टीतला एक महिना एखाद्या प्रयोगशाळेत हे करून बघ. दहावी डिश खराब झाल्यावर चिडून अकरावी घ्यावीशी वाटली तर तू इथली. नाहीच वाटली तर साथरोगशास्त्राकडून सुरुवात कर. तिथेही कंटाळा आहेच (अर्धवट भरलेले फॉर्म निस्तरणं हा त्यातला मोठा भाग), पण तो वेगळ्या जातीचा.

संशोधनाला प्रश्न कोणता, असं विचारशील, तर मी अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाकडे बोट दाखवीन. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखाच्या वर पिल्लं दगावली. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशीने सोडलेलं विष होतं. ही बुरशी मक्यावर आणि भुईमुगावर शेतातच चढते. कोरडा ताण पडला की जास्त, आणि साठवण ओलसर असली की तिचं फावतंच. हे विष माणसात यकृताचा कर्करोग घडवतं, हिपॅटायटिस बी असलेल्यांत धोका आणखी वाढतो. झालं वैद्यक. आता बाजार बघ. विष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काळजीने वाळवलेल्या मालाला आणि निष्काळजी मालाला एकच भाव मिळतो. मग वाळवण्यावर खर्च कोण करील? विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल कसा हटत जातो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवलं होतं. इथे तर बहुधा विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

मग तपासून भाव ठरवा की! इथे खरी गंमत आहे. विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाण्यांत एखादा दाणा विषाने भरलेला आणि बाकीचे स्वच्छ, असं होतं. तो दाणा तुझ्या नमुन्यात आला तर पोतं बाद, नाही आला तर पास. यंत्र कितीही अचूक असो, एकूण चुकीचा मोठा वाटा नमुना काढण्यातच असतो. म्हणजे पुन्हा फिशर यांच्या चिठ्ठ्या. दुसरीकडे याच बुरशीच्या विष न बनवणाऱ्या जाती शेतात सोडून विषारी जातींची जागा बळकावण्याचा उपाय वापरात आला आहे. तो शेतकरी स्वतःच्या पैशाने विकत घेईल का, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञाचा.

अडचणीही सांगतो. नोकरीची जाहिरात एकाच विभागाची निघते, ‘दोन्ही-तिन्ही’ विभागाची नाही. दोन विषयांच्या सीमेवरचा लेख परीक्षणाला गेला की, एक परीक्षक म्हणतो संख्याशास्त्र जड झालं, दुसरा म्हणतो बुरशी जड झाली. पिकावरच्या कामाला वर्षातून एकच हंगाम मिळतो. तो पावसाने बुडाला तर वर्ष गेलं. त्यामुळे मार्गदर्शक निवडताना त्यांच्या लेखांची यादी कमी बघ, जुने विद्यार्थी आज कुठे आहेत ते जास्त बघ. दोघातिघांना विचार: पीएचडीला किती वर्षं लागली, आणि सर किंवा मॅडम विभागाबाहेरच्या लोकांबरोबर काम करू देतात का?

बाबांना उडवून लावू नकोस. तीन विषयांत तीन एमएस्सी करायला निघालीस तर ते बरोबरच ठरतील. त्यांना सांग की, पदवी एकाच विषयात घेतेय, बाकीचं तिच्या कामाला लावतेय.

प्रयोगशाळेला ईमेल पाठवताना ‘मला संशोधनाची प्रचंड आवड आहे’ हे वाक्य गाळ, ते सगळेच लिहितात. त्यांचा एक लेख पद्धतीच्या भागासकट वाच आणि एकच नेमका प्रश्न विचार. उदाहरणार्थ: ‘तुम्ही प्रत्येक शेतातून नमुने घेतले, ते ठिकाण निवडताना चिठ्ठ्या टाकल्या होत्या की रोग दिसला तिथून घेतले?’ खाली लिही की, अमुक तारखेपासून महिनाभर रोज येऊ शकते, निर्जंतुकीकरण आणि डिश ओतणं येतं, ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणक-भाषा शिकायला सुरुवात केली आहे. ती केलेली असेल तरच लिही. आठ-दहा ओळी पुरेत. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण कर, मग पुढच्या प्रयोगशाळेला लिही.