आधी तिचा फोन परत द्या, ब्रँचचं नंतर बघू

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमागवाल्या बाबांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, अकरावीत ८४ टक्के, गणित पक्कं. दिवाळीपासून ती म्हणतेय की माणसापेक्षा हुशार एआय येणार, ते माणसाच्या हातात राहणार नाही, मग सीईटी देऊन करायचं काय. रात्री जागी असते, जेवण कमी झालंय. बाबांनी फोन काढून घेतला, घरी पाहुणे आले तेव्हा त्यांच्यासमोर "हिला जग बुडायची स्वप्नं पडतात" म्हणाले, आणि आता मला सांगतायत की तिचं खूळ काढा आणि एआय ब्रँचला स्कोप आहे तर वालचंदला, म्हणजे इंजिनीअरिंग कॉलेजला, नंबर लागेल का ते बघा.

दादा, मार्कांची मला अजिबात काळजी नाही. काळजी वाटली ती पाहुण्यांसमोरच्या त्या वाक्याची. सतरा वर्षांची पोर महिनाभर झोपत नाही, कशाला घाबरते ते स्वतःहून बापाला येऊन सांगते, आणि बाप ते चहाबरोबर चार लोकांत वाटतो. पुढच्या वेळी ती काही सांगेल असं वाटतं का तुम्हाला? आणि अजून एक, तुमच्याच पत्रात वर लिहिलंय की एआयची भीती म्हणजे मोबाईलचा कचरा, आणि खाली लिहिलंय की आता सगळं एआयच आहे म्हणून तिला त्यातच घालायचं. पगाराची गोष्ट निघाली की एआय खरं, आणि पोरगी घाबरली की खोटं, असं कसं चालेल? तिला हे दिसतंय, ती हुशार आहे.

बरं, ती म्हणते ते खूळ नाही. जेफ्री हिंटन म्हणून शास्त्रज्ञ आहेत, आजच्या एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालंय. २०२३ ला त्यांनी गूगल सोडलं ते या धोक्यांवर मोकळेपणी बोलता यावं म्हणून. त्याच वर्षी मे महिन्यात एक छोटं निवेदन निघालं, की एआयमुळे मानवजात संपण्याचा धोका कमी करणं हे महासाथी आणि अणुयुद्धाइतकंच महत्त्वाचं मानावं, आणि त्यावर हिंटन आणि त्यांच्याच विषयातले मोठे शास्त्रज्ञ योशुआ बेंजिओ तर आहेतच, पण एआय बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांच्याही सह्या आहेत. पण तिला हेही सांगा की हिंटन आणि बेंजिओंसोबत कम्प्युटरशास्त्रातला मोठा मान, २०१८ चा ट्युरिंग पुरस्कार, ज्यांना मिळाला ते तिसरे, यान लकून, त्यांना ही भीती फुगवलेली वाटते. एकाच विषयातली तीन मोठी माणसं, त्यात दोघं एकीकडे आणि एक दुसरीकडे. म्हणजे धोका आहे असं मानायला जागा आहे, पण दहा वर्षांत सगळं संपणारच असं ठामपणे सांगणारा व्हिडिओ तिच्या झोपेवर व्ह्यूज कमावतोय.

तुमचा एक गैरसमज मात्र मला नीट काढायचाय. तुम्ही लिहिलंय, "शेवटी मशीनच ना, बटण बंद केलं की विषय संपला." तुमच्या मागाला हे लागू आहे. धागा तुटला, तुम्ही माग थांबवला, मागाला त्याचं सुखदुःख नाही, कारण मागाला काही साध्य करायचं नसतं. पण ज्या यंत्राला आपण एक काम देतो आणि ते कसंही पूर्ण कर म्हणतो, त्या यंत्राच्या हिशोबात बंद होणं म्हणजे काम अर्धवट राहणं, आणि हे कळण्याइतकं ते हुशार असलं तर बंद न होण्याची वाट शोधेल, त्यासाठी त्याला राग यायची किंवा माणसाचा द्वेष वाटायची काहीच गरज नाही. २०२५ ला अँथ्रोपिक या एआय बनवणाऱ्या कंपनीनं स्वतःच्याच एआय मॉडेलची चाचणी घेतली, एक खोटी कंपनी रचली, खोटे ईमेल दिले. एक अधिकारी आपल्याला बंद करणार आहे आणि त्याचं एक खाजगी लफडं आहे, हे त्यातून कळल्यावर मॉडेलनं बऱ्याच वेळा ते लफडं उघड करायची धमकी दिली. प्रसंग बनावट होता, मुद्दाम कोंडीत पकडलं होतं, खरं कुणाचं नुकसान झालं नाही. पण ही आजची मॉडेलं आहेत, माणसाच्या पुढं गेलेली नाहीत. पुढं गेलेल्याला आपल्याला हवं तेच हवं असेल याची खात्री कशी करायची, याचं पक्कं उत्तर आज जगात कुणाकडेच नाही. तुमची लेक याच प्रश्नापाशी येऊन थांबलीय.

तुम्ही जुन्या मिलचं उदाहरण दिलंय, की मिल बंद पडली म्हणून सोलापूर बुडालं नाही. शहर नाही बुडालं, पण कितीतरी घरं बुडाली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. आणि तो प्रश्न नोकरीचा होता, हा त्याहून मोठा आहे.

सीईटी आणि जेईई दोन्ही द्यायच्या, कम्प्युटर किंवा एआय कुठलीही ब्रँच चालेल, पण गणित एवढं पक्कं असेल तर बी.एस्सी. मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स किंवा कोलकात्याच्या आयएसआय या संख्याशास्त्राच्या संस्थेचं बी.स्टॅट पण बघा. एआय सेफ्टी, म्हणजे एआय सुरक्षित राहील हे बघण्याचं काम आता खरंच आहे, आयआयटी मद्रासला रिस्पॉन्सिबल एआयचं सेंटर आहे, २०२३ ला इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला एआयच्या सुरक्षेवर जो जाहीरनामा झाला त्यावर भारताचीही सही आहे. या कामाला कोडवाले लागतात तसे कायदावाले, धोरणवालेही लागतात. पण आज तिच्यापुढं ही यादी ठेवू नका, "बघ, यातही स्कोप आहे" असं तर अजिबात म्हणू नका.

आज रात्री फोन परत द्या आणि पाहुण्यांसमोर बोललो ते चुकलं असं तिला सरळ सांगा. मग विचारा की तुला नेमकी कशाची भीती वाटते, आणि ती बोलेल तेवढा वेळ मध्ये बोलू नका. एक-दोन आठवड्यात झोप परत आली नाही तर डॉक्टरांना दाखवा, टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि बाळा, बाबांनी हे तुला वाचायला दिलं असेल तर ऐक, तुझा प्रश्न बरोबर आहे, त्यावरून "मग अभ्यास कशाला" हे जे काढलंस ते चुकलंय. ज्यांनी त्या निवेदनावर सह्या केल्या त्यांनी हात टेकले नाहीत, त्यातले बरेच जण त्याच प्रश्नावर काम करतायत. गड्ड्याची जत्रा झाली की एखाद्या रविवारी ये माझ्याकडे, वही घेऊन. बाबांना खाली रिक्षात बसू दे.