कार्डावर काय छापलंय?

प्रश्न : ४ वर्षांपूर्वी मेन रोडवरच्या दुकानातून फ्रिज घेतला. कॉम्प्रेसरला १० वर्षांची वॉरंटी. मे महिन्यात नेमका तोच गेला. कंपनीचा माणूस आला, मागची जाळी बोटाने पुसली आणि म्हणाला, ‘मावशी, स्टॅबिलायझर नाही, वॉरंटी गेली.’ आता काय करू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, तो नुसता तोंडी बोलला ना? तिथेच मेख आहे. उद्या कंपनी म्हणेल, आम्ही नाही म्हटलंच नव्हतं. ईमेल करा, बिलाचा आणि कार्डाचा फोटो जोडा आणि एवढंच विचारा : स्टॅबिलायझरची अट कार्डावर कुठे छापली आहे? आधी स्वतः भिंग घेऊन वाचा हं. आणि कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी गॅस व मजुरीचे पैसे बहुधा पडतात. कार्डात तसं असेल तर त्यावरून भांडू नका.

पंधरा दिवस वाट पाहा, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तरी ढिम्म, तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी चेन्नईची असली तरी २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार लावता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. नकारापासून २ वर्षांची मुदत.

बिलाची झेरॉक्स मात्र आजच काढा. त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडते. माझ्या मिक्सरचं बिल कपाटात असंच कोरं झालं.