कुटुमसर गुहेत आईला न्यावं का?

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही जगदलपूरला जाणार आहोत. मुलगा पाचवीत आहे, त्याला कांगेर घाटीतल्या चुनखडीच्या गुहा बघायच्या आहेत. सोबत सत्तरीची आई असेल. तिचे गुडघे दुखतात. तिला गुहेत नेता येईल का? आणि वाघ दिसेल का?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : आईंना कुटुमसरमध्ये नेऊ नका. गुहेचं तोंड अरुंद आहे, अंग चोरून, वाकून उतरावं लागतं. आत पायाखाली ओल, हवा कोंदट. माझ्या सासूबाई हौसेनं आल्या आणि अर्ध्यातून मागे फिरल्या. मागून येणारे सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले तेव्हा कुठे त्यांना वाट मिळाली. वर आल्यावर बराच वेळ त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना आत नेलं ही माझी चूक होती.

डिसेंबर मात्र अगदी योग्य. पावसाळ्यात गुहेत पाणी शिरतं, तेव्हा ती बंदच असते.

वाघाची आशा धरून जाऊ नका. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे सुमारे २०० चौरस किलोमीटरचं रान साल आणि साग या झाडांच्या जंगलांच्या सीमेवरचं आहे. सकाळी लवकर निघा आणि उंच झाडांचे शेंडे बघा. काळीभोर, मानेशी पिवळ्या झालरीची पहाडी मैना दिसली तर फेरी सार्थकी लागली म्हणा. छत्तीसगडचा राज्यपक्षी तोच.

आता गुहा. नाक्यावरून वनखात्याचा गाइड सोबत घ्यावाच लागतो. आमच्या गाइडनं आत खोलवर गेल्यावर दिवा विझवला. स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसेना, फक्त ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज. मग त्यानं दिवा लावून एका डबक्यावर धरला. बोटाएवढा फिकट मासा, डोळे जवळजवळ नाहीतच. अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहून त्याची नजर आणि रंग दोन्ही गेले. या माशाची अभ्यासकांनी जी जात नोंदवली, तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८७२ साली पुण्यात सापडलेल्या माशांवरून झालं होतं. तिकडचे डोळस, नक्षीदार. हे मुलाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे डबक्यापाशी तो आपणहून थांबेल.

एक कळकळीची विनंती. लवणस्तंभांना, म्हणजे गुहेतल्या चुनखडीच्या खांबांना, हात लावू देऊ नका. मातीतून झिरपताना पाणी कार्बन डायऑक्साइड घेतं, चुनखडी विरघळवतं आणि छताशी येऊन थेंबाथेंबानं तिचा पातळ थर ठेवून जातं. आपल्या बोटांचं तेल तिथे लागलं की पुढचा थर नीट धरत नाही. हाताच्या उंचीवरचे कितीतरी खांब काळवंडलेले मी बघितले, त्यांच्यावरचे पांढरेशुभ्र. फार वाईट वाटलं.

तीरथगडचा धबधबा आईंना वरूनच दाखवा, खाली पायऱ्या खूप आहेत. तुम्ही गुहेत असाल तेव्हा त्या नाक्यापाशी सावलीत बसतील. तिथल्या बायकांशी त्यांना बोलू द्या. हलबी बोलीत मराठी बरीच मिसळलेली आहे. ‘आमचो’ हा शब्द कानावर पडला की आईंना भाषांतराला कोणी लागणार नाही. माझ्या सासूबाईंचं मौन तिथेच सुटलं होतं.