पायातली कळ कमरेत आली, तर व्यायाम थांबवायचा का?

प्रश्न : माझं वय 38. तीन आठवड्यांपासून डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ येते. एमआरआयमध्ये एल-5 एस-1 ची डिस्क (कमरेच्या अगदी खालच्या मणक्यांमधली चकती) मागे सरकून नस दाबते आहे, असं आलं. फिजिओथेरपिस्टनी पालथं झोपून छाती उचलायचा व्यायाम दिला. चार दिवसांत पोटरी हलकी झाली, पण कंबर जास्त दुखू लागली, म्हणून बंद केला. धायरीहून हिंजवडीला रोज स्कूटरने जातो. काय करू? – एक वाचक, धायरी

उत्तर : व्यायाम पुन्हा सुरू करा. दुखणं पोटरीतून वर सरकत कमरेपाशी गोळा होणं हे सुधारणेचं लक्षण आहे; फिजिओथेरपीत त्याला सेंट्रलायझेशन म्हणतात. मात्र कंबर हलकी वाटत असूनही कळ घोट्याकडे उतरू लागली, तर तिथेच थांबून फिजिओथेरपिस्टना दाखवा. निर्णय पायावरून घ्यायचा, कमरेवरून नाही.

आता पद्धत तपासा. पलंगावर करत असाल तर आधी खाली या, कारण मऊ गादीत पोट रुतून कंबर नीट वाकत नाही. सतरंजीवर उशी न घेता दोन-तीन मिनिटं पालथं पडून राहा. मग तितकाच वेळ कोपरांवर. त्यानंतर तळवे खांद्यांखाली ठेवून हात सरळ करत छाती उचला, एक-दोन सेकंद थांबा, खाली या. असं 10 वेळा, जागेपणी दर दोन-तीन तासांनी. सगळा जोर हातांचा. कंबर आणि कुल्ले लोंबते, सैल. इथेच बहुतेकांचं चुकतं. भुजंगासनाची सवय असलेले पाठीच्या स्नायूंनी उठतात, स्नायू आवळले जातात आणि कंबर उगाच दुखते. ओटीपोटाचं हाड जमिनीवरून सुटत असेल तर तेवढ्यापुरतं कमी उचला. उभं राहिल्यावर धड एका बाजूला झुकलेलं दिसत असेल, तर आधी तो झोक फिजिओथेरपिस्टकडून सरळ करून घ्यावा लागतो. त्याशिवाय हा व्यायाम लागू पडत नाही.

व्यायाम करून लगेच सोफ्यात पोक काढून बसलात, तर कमावलेलं गेलं. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि दर अर्ध्या तासाने उठा. सकाळचा पहिला तास विशेष जपा. रात्रभर डिस्क पाणी शोषून फुगलेली असते, त्यामुळे तेव्हा वाकून बादली उचलणं किंवा बूट बांधणं सर्वांत महागात पडतं. उठताना कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन बसा.

स्कूटर निदान कळ गुडघ्याच्या वर येईपर्यंत नको. खड्डा किंवा गतिरोधक आला की बसलेल्या अवस्थेतच मणक्याला दणका बसतो. बसने जात असाल तर मागच्या चाकावरची सीट टाळा. सपाट रस्त्यावर 10 मिनिटं, दिवसातून तीनदा चाला. अंथरुणाला खिळून राहू नका. कमरेचा पट्टा प्रवासापुरताच. ट्रॅक्शनने (वजन लावून कंबर ताणण्याने) काहींना तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण मुख्य उपचार तो नव्हे. सरकलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं आणि बहुतेकांना 6 ते 12 आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो. कोणी कंबर 'बसवून' देतो म्हणालं, तरी नस दाबलेली असताना झटका देऊन घेऊ नका.

रोज एक तपासणी करा : भिंतीला हात टेकवून एका पायावर 10 वेळा टाच उचला, मग दुसऱ्या पायावर. डावी टाच लवकर थकू लागली, किंवा चालताना पाऊल घासून चप्पल सुटू लागली, तर दोन दिवस वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. लघवी अडली, किंवा गुदद्वाराभोवती आणि मांड्यांच्या आत बधिरपणा आला, तर त्याच तासाला रुग्णालय. इथे उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं.

प्रश्न : आई 66 वर्षांची आहे. पाच मिनिटं चाललं की दोन्ही पाय भरून येतात. बसली किंवा भाजीच्या गाडीवर ओणवी झाली की बरं वाटतं. तिनेही हाच व्यायाम करावा का? – एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : नाही. हे वर्णन मणक्यातली, नसा जातात ती नळी अरुंद झाल्याचं वाटतं, आणि मागे वाकलं की ती आणखी आवळते. अशा वेळी उलट दिशा लागते : उताणं झोपून एकेक गुडघा छातीशी, किंवा बसून चालवायची व्यायामाची सायकल. पण पायातला रक्तपुरवठा कमी असेल तरीही असंच होतं. त्यात नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो. नळी अरुंद असेल तर बसावं किंवा वाकावं लागतं. म्हणून आधी डॉक्टरांकडून पावलांवरची नाडी तपासून घ्या.