भाचा आत आहे, जामीनदार नाही, नवीन कायदा कामी येईल का?

प्रश्न: मॅडम नमस्कार. आम्ही नागपूरजवळच्या पारधी बेड्यावरचे. माझा भाचा एका दुकानात कामाला होता, मालकाने चोरीची केस टाकली, कलम 381. नवीन कायदा यायच्या आधीची केस आहे. 29 महिने झाले पोरगं आत आहे, पहिलीच केस, दुसरी कोणतीच नाही. जमानतीला सातबारावाला माणूस आणा म्हणतात, बेड्यावर कोणाजवळ सातबारा आहे? नवीन कायदा जुन्या केसला लागत नाही असंही लोक म्हणून राहिले. अन् पोलीस म्हणतात पोरगं सराईत आहे. काय करावं?

उत्तर: दादा, लागतो. गुन्ह्याची शिक्षा जुन्याच दंडसंहितेप्रमाणे ठरेल हे खरं, पण कच्च्या कैद्याला सोडायचं जे नवीन कलम आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं 479, ते 1 जुलै 2024 च्या आधीच्या केसलाही लावायचं असं सुप्रीम कोर्टाने 23 ऑगस्ट 2024 ला सांगितलंय. नवीन कायद्यांत बरीच कलमं नंबर बदलून तशीच आलीत, माझं त्यावर फार समाधान नाही, पण हे कलम गरिबाच्या खरंच कामाचं आहे. पूर्वी निम्मी शिक्षा आत काढावी लागायची. आता ज्याला आधी कधीच शिक्षा झालेली नाही त्याला एक तृतीयांश काढली की सोडायचं. 381 ला जास्तीत जास्त 7 वर्षं, म्हणजे 84 महिने, त्याचा तिसरा हिस्सा 28. तुमच्या भाच्याचे 29 झाले!

आणि जामीनदाराचं टेन्शन सोडा. पहिल्यांदाच अडकलेल्याला या कलमात 'बंधपत्रावर' सोडायचं म्हटलंय आणि बंधपत्र म्हणजे जामीनदाराशिवाय, स्वतःच्या सहीवर, हे त्याच कायद्याच्या व्याख्येत आहे. सातबारा लागत नाही.

सराईत म्हणतात त्याचा मला फार राग येतो. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं, तो 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, पण पोरगं पारधी आहे एवढ्यावरून संशय घेणं काही गेलं नाही. कलम 479 विचारतं ते एवढंच, की आधी शिक्षा झाली होती का. ठाण्यातल्या वहीत नाव असणं म्हणजे शिक्षा नाही, कोणी काहीही म्हणो. फक्त दुसरी केस चालू असेल तर हे कलम अडतं, म्हणून तेवढं पक्कं विचारून घ्या.

अर्ज करायचं काम कायद्याने जेल अधीक्षकांवर टाकलंय, मुलाखतीला जाल तेव्हा विचारा, अर्ज गेला का. पण त्याच्या भरवशावर बसू नका. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, आत असलेल्या माणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. फोन 15100.

माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत पेशीच्या सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या, पण अटक कोणत्या तारखेला झाली ते एकाही चिठ्ठीवर नव्हतं, आणि सगळा हिशोब तर तिथूनच सुरू होतो. तुम्ही जाताना अटकेची तारीख आणि केस नंबर एका कागदावर लिहून न्या, सोमवारीच जा.