लष्करी इतिहासावरचं सिरियस जर्नल कुठलं, मुंबईत बसून वाचता येईल का?

जर्नल ऑफ मिलिटरी हिस्टरी, डोळे झाकून. अमेरिकेतलं आहे, 1937 ला सुरू झालं, मधे बरीच वर्षं मिलिटरी अफेअर्स नाव होतं, आत्ताचं नाव 1989 पासूनचं, वर्षाला चार अंक. नुसत्या लढाया नसतात हं, रसद, भरती असलं पण येतं आणि मागे पुस्तक परीक्षणांची ही भलीमोठी रांग, मी तर विरार लोकलमधे मोबाइलवर आधी तीच वाचतो, कुठल्या पुस्तकावर पैसे घालवायचे नाहीत ते तिथेच कळतं. जुने अंक जेस्टोरवर (जर्नल्सचा ऑनलाइन संग्रह) आहेत, कॉलेजचं लॉगिन असेल तर प्रश्नच मिटला. आपल्याकडचं हवं असेल तर दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनचं जर्नल बघ, 1871 पासूनचं, पण ते जास्त फौजी लोकांचं.