आधी रेशनची वही, मग सर्वधर्म सभा

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

मशीद, बुद्धविहार आणि गुरुद्वारा यांना सोबत घेऊन वस्तीत काम उभं करायचं चर्चच्या पॅरिश कौन्सिलने तुझ्यावर सोपवलंय, हे वाचून बरं वाटलं. पण तुझ्या आराखड्यात पहिलाच कार्यक्रम सर्वधर्म प्रार्थनेचा आहे. तो खोडून टाक. आधी कोण बोलणार, दीप लावायचा की नाही, बॅनरवर कुणाचं चिन्ह वर, यातच महिना जातो. आणि पेपरात फोटो आला की सगळे मोकळे.

भिवंडीत 1970 आणि 1984 साली हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या होत्या. 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. दोन्हीकडची माणसं रोजच्या किरकोळ तक्रारींसाठी एका सतरंजीवर बसत होती, म्हणून अफवा आली तेव्हा कुणाला फोन करायचा हे ठाऊक होतं. तुलाही अशीच चारही दारांतली एक तक्रार हवी. तुझ्या वस्तीत ती रेशनची आहे.

कायदा नीट पाठ कर. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि सर्वांत गरीब घरांच्या अंत्योदय कार्डाला 35 किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी 2023 पासून तेही फुकट. महाराष्ट्रात शहरी प्राधान्य कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा 59,000 रुपये आहे. अडतं ते पुढे. कार्ड केशरी असतं, पण प्राधान्य यादीत नाव नसतं. कार्डाला बारा अंकी नंबर पडलेला नसतो, म्हणजे लोक म्हणतात तसं ‘कार्ड ऑनलाइन नाही’. लग्न होऊन आलेली सून आणि नंतर जन्मलेली पोरं चढवलेली नसतात. धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे आणि गवंड्यांचे अंगठे मशीनवर लागत नाहीत. गावचं कार्ड इथेही चालतं, हे बाहेरून आलेल्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

चार ठिकाणांहून दोन-दोन जण घे आणि जोड्या मिसळून लाव: चर्चची मुलगी आणि मशिदीतली बाई, विहारातला मुलगा आणि गुरुद्वाऱ्यातला. एका जोडीला संध्याकाळी आठ-दहा घरांपेक्षा जास्त होत नाहीत, घाई करू नका. वहीत एवढंच लिहा: कार्डाचा रंग, बारा अंकी नंबर, कार्डावर किती नावं, घरात किती माणसं, कुणाचा अंगठा लागत नाही, कोणत्या महिन्याचं धान्य मिळालं नाही, दुकान क्रमांक.

धर्माचा आणि जातीचा रकाना ठेवायचा नाही, आणि हे मी भाबडेपणाने सांगत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेरच आहेत. त्यामुळे रविवारी चर्चमध्ये मिस्साला येणारं एखादं घर कागदोपत्री हिंदू किंवा बौद्धच असतं. तुझी वही भलत्या हाती पडली तर त्या घरातल्या मुलीची शिष्यवृत्ती जाईल. हा अन्याय चर्चने जरूर मांडावा, पण त्यासाठी त्या घराचं नाव उघडं पाडू नये.

दुकानावर जाताना हुकाचा काटा बरोबर ठेव. मशीनमधून निघणारी पावती मागून घ्यायची आणि पिशवी तिथेच काट्याला लावायची. पावतीवर 20 आणि काट्यावर 18 आलं, की फोटोत दोन्ही एकत्र दिसले पाहिजेत. तक्रार लेखी, दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर रेशनिंग ऑफिसचा आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. 1967 या रेशनच्या हेल्पलाइनवर फोन कर, पण त्यावर विसंबू नकोस. ऑफिसात दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, आणि त्यांच्याही पुढे राज्य अन्न आयोग. एकाच दुकानाच्या पंधरा तक्रारी एकदम दे. पंधरा दुकानांची एकेक तक्रार दिलीस, तर साहेब प्रत्येकीला ‘बघतो’ म्हणून वाटेला लावतो.

पहिल्या दिवशी फादर, मौलाना, भन्ते आणि ग्यानीजी यांना ऑफिसात नेऊ नकोस. ते आले की साहेब त्यांना चहा पाजतो आणि कार्डवाल्या बायका बाहेर उभ्या राहतात. आधी बायकांनाच जाऊ दे. चौघांच्या सहीचं पत्र दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेव.

पैशावरून फाटतं, तेव्हा सामायिक खातं उघडायच्या भानगडीत पडू नकोस. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. चर्चच्या ट्रस्टने विहाराच्या ट्रस्टला त्यातून चेक फाडला, तर चर्चचीच नोंदणी धोक्यात येते. मशिदीकडे जकात, म्हणजे मुसलमानांनी द्यायचं बंधनकारक दान, मागू नकोस: बहुतेक उलेमांच्या मते ती मुसलमान गरजूंनाच देता येते. ऐच्छिक सदका कुणासाठीही चालतो, तो माग. झेरॉक्स कुणी, रिक्षाभाडं कुणी, असा खर्च वाटून घ्या. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून भरायचा आणि पावत्यांची नक्कल चौघांकडे ठेवायची.

बैठक शुक्रवारी दुपारी नको, रविवारी सकाळी नको, आणि मुंबईत असशील तर माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेमुळे बुधवारही नको. रमजानमध्ये इफ्तारची वेळ टाळ. 14 एप्रिलच्या आठवड्यात विहारातलं कुणी मिळणार नाही, तेव्हा त्यांना गैरहजर मांडू नकोस. जागा शक्यतो पालिका शाळेची. चर्चच्या आवारातच बसलात तर बाकीचे कायम पाहुणे राहतात.

जेवण असेल तर शाकाहारी सोयीचं, पण त्यात सोवळेपणाचा सूर येऊ देऊ नकोस. शंभर माणसांच्या खिचडीला 8 किलो तांदूळ, 4 किलो मूगडाळ आणि अर्धा किलो मीठ पुरतं. लंगरवाल्यांवर सोपव, मोठी पातेली त्यांच्या हातातली आहेत. उरलेली खिचडी झाकून संध्याकाळपर्यंत ठेवायची नाही, ती आंबते.

आपल्याच लोकांशी भांडावं लागेल ते सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्ती प्रचाराच्या, पत्रकांवरून. कुणीतरी प्रेमाने ती धान्याच्या पिशवीत सरकवतं. साफ नाही म्हण. अनेक राज्यांच्या धर्मांतरविरोधी कायद्यांत ‘प्रलोभन’ हा गुन्हा आहे, आणि कायदा नसला तरी भुकेल्या माणसाला ही अट वाटतेच. वाटपाआधी प्रार्थना नाही, वाटपाचे फोटो नाहीत. निवडणूक जवळ आली की नगरसेवकाचा बॅनर येईल, त्यालाही हेच उत्तर.

पहिल्या पंधरा तक्रारींच्या शिक्का मारलेल्या प्रती हातात आल्या की मोबाईलवर पाठव, मसुदा पाहून देतो. कार्ड नंबर झाकून पाठव.

तुझा,
काका